डॉक्टरीणबाई कुणाच्या हातून हरली?

१

बापाने स्वतःच्या पोरीला चारचौघांत खोटारडी म्हणावं, ही कुठली रीत? मावशीच्या डोक्यातून ते काही केल्या जात नव्हतं. परक्या कुणी म्हटलं असतं, तर तिने त्याची अशी हजेरी घेतली असती की त्याला घरचा पत्ता विचारत जावं लागलं असतं. इथे म्हणणारा तिच्याच पोटचा. शिकलेला, दाताचा डॉक्टर, खाली दवाखाना, दारावर पितळी पाटी. आणि म्हणाला तेही फोनवर. पलीकडे गेमिंग हॉलमध्ये पोरीची अख्खी टीम स्पीकर लावून बसलेली, इकडे पोरगी हुंदके देत सांगतेय की शेवटचे तीन डाव मी खेळलेच नाही, आणि याने तिच्या हातातून फोन काढून घेतला.

"मनावर घेऊ नका," म्हणाला. "चूक झाली की गोष्ट रचायची, ही लहानपणापासूनची सवय आहे तिची."

फोन ठेवला आणि शांतपणे हात धुवायला गेला.

हे रविवारी झालं. सोमवारची दुपार आली तरी नात खोलीतून बाहेर पडली नव्हती. मावशीने दोनदा दार वाजवलं. दुसऱ्यांदा आतून आवाज आला, "आजी, तू तरी मानतेस ना?"

"मानते म्हणजे? तुला गच्चीवर मीच पाठवली होती. मला वेड लागलंय का?"

मावशीची शाळा चौथीत सुटली. पण पुढे चौतीस वर्षं तिने मोठ्या इस्पितळात काढली. चादरी बदलल्या, पेशंटांना शौचाची भांडी दिली, ऑपरेशन थिएटरचे ट्रे उकळले. तिथे ती सगळ्यांची मावशी झाली आणि गल्लीचीही मावशीच राहिली. थिएटरात सगळे तोंड बांधून उभे असायचे, तरी टाके कोण घालतंय हे ती दारातून नुसत्या हातावरून सांगायची. एकाचा अंगठा पुढे यायचा, एक दोरा ओढताना खांदा उडवायचा. त्यामुळे शिकलेल्यांसमोर मान खाली घालायची सवय काही तिला लागली नाही.

नातीचा खेळ टीव्हीवरचा. दोन लढवय्ये समोरासमोर, ज्याची ताकदीची रेघ आधी संपेल तो आडवा. नात जी लढवय्यी घेऊन खेळायची ती होती पांढऱ्या कोटातली एक डॉक्टरीणबाई. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मावशी म्हणाली होती, "माणसं उभी करायची सोडून ही आडवी करते. हिला पदवी दिली कुणी?" पण मटार सोलताना, बटणं लावताना बघत बसली आणि वर्षभरात सगळे डावपेच तिला पाठ झाले. इंग्रजी नावं जिभेला वळेनात, म्हणून तिने आपली ठेवली. नळी म्हणजे गळ्यातला स्टेथोस्कोप. चाबकासारखा फेकून समोरच्याला लांब ठेवायचा. नाडी म्हणजे मनगट धरणं. त्याने लागत काही नाही, पण पुढचा घाव दुप्पट बसतो. सुई टोचली की समोरचा बधिर होऊन जागीच उभा राहतो, पण एक-दोन म्हणेपर्यंतच. तेवढ्यात घाव घातला तर घातला. पट्टी बांधली की आपली थोडी ताकद परत येते. आणि स्ट्रेचर म्हणजे चाकांची गाडी सरळ अंगावर सोडून द्यायची.

नात स्ट्रेचरला हात लावायची नाही. "त्यात डोकं नाही, आजी," म्हणायची. तिचं सगळं सबुरीचं. नळीने अंतर राखायचं, समोरचा चिडून आत आला की नाडी धरायची, सुई, आणि सुईच्या पाठोपाठ लगेच घाव. समोरच्याला वाटायचं आपण हल्ला करतोय, आणि असायचा मात्र तो तपासून घ्यायला आलेला पेशंट.

अशी खेळणारी पोरगी म्हणे मुद्दाम हरली.

दाराची बेल वाजली. बाहेर टीमची कॅप्टन उभी होती आणि ती आत यायलाही तयार नव्हती.

"आजी, तिचा टीमचा टी-शर्ट परत हवाय," ती म्हणाली.

२

"टी-शर्ट धुवायला टाकलाय," मावशी म्हणाली. तो धुवायला टाकलेला नव्हता. "वाळेपर्यंत बस."

कॅप्टन चष्म्याच्या दुकानात कामाला होती आणि तिचा स्वतःचा चष्मा सतत नाकावरून घसरत होता. दिसायला पोर कडक, पण खुर्चीच्या टोकावर बसली होती. मावशीने ओळखलं, ही काही आनंदाने आलेली नाही.

आत जेवणाच्या टेबलाशी बाकीचे होते. मुलगा दुपारचं जेवण आटोपून पाणी पीत होता. सून, सरकारी इस्पितळातली नर्स, रात्रपाळीचा डबा पुसत होती. आणि जावई, गुराढोरांचा डॉक्टर, एक गाल सुजवून पातळ पेज ओरपत होता. रविवारी मेव्हण्याकडून दाढ काढून घ्यायला म्हणून आला तो सूज उतरेपर्यंत राहिला होता.

"सगळे इकडे या," मावशी म्हणाली. "जावईबापू, तुम्हीही. पेज कुठे पळून जात नाही."

"आई, झालं ना कालच," मुलगा म्हणाला.

"तुझं झालं असेल. माझं व्हायचंय." मग ती कॅप्टनकडे वळली. "तुझं म्हणणं सांग, पोरी. सगळ्यांपुढे."

कॅप्टनने चष्मा वर सारला. "सामना पाच डावांचा होता, तीन जिंकणारा पुढे जाणार. हिने पहिले दोन जिंकले. मग समोरच्याचं नेट गेलं. पंधरा मिनिटं थांबा, असा निरोप आला."

"तो निरोप मीही वाचला. म्हणजे, तिने वाचून दाखवला. म्हणून मी म्हटलं, तेवढ्यात गच्चीवरच्या चादरी काढून आण. ती वरून एकेक टाकत होती, मी मागच्या जिन्यात झेलत होते."

"समोरचा आठ मिनिटांतच परत आला. अशा वेळी स्क्रीनवर 'तयार?' असं येतं. एका मिनिटात बटण दाबलं नाही तर सामना जातो. हिच्याकडून बटण दाबलं गेलं. आणि पुढचे तिन्ही डाव हरली. साधं हरणं नव्हतं ते, आजी. सुई लागायची, समोरचा बधिर, मारायची वेळ, आणि ही मागे सरकून नुसती उभी. दर वेळेला. जिला सगळे डावपेच येतात ती चुकून असं अकरा वेळा करेल का? टीम म्हणते, ती फुटली."

"टीम म्हणते. आणि तू?"

कॅप्टनने चष्मा काढून पुसला. "मला उद्या सकाळी स्पर्धेवाल्यांना कारण लिहून पाठवायचंय. मुद्दाम हरली असं लिहिलं, तर तिला पुन्हा कुठलीच टीम घेणार नाही."

"आणि दुसरंच कुणी खेळलं असेल तर?"

"सामना गेला तो गेलाच. पण ती टीममध्ये राहील. मात्र दुसरं कोण ते कळलं पाहिजे, आणि त्या माणसाने टीमपुढे उभं राहून सांगितलं पाहिजे. नुसता आजीचा शब्द मी कसा लिहू? आजी नातीची बाजू घेणारच."

मावशीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण पोरीचं चुकत नव्हतं, म्हणून तिने राग गिळला.

"ठीक. मग घरातच बघू. रविवारी दुपारी घरात कोण कोण होतं? मी आणि पोरगी गच्चीकडे. बाकीच्यांनी आपापलं सांगा."

"मी दवाखान्यात," मुलगा म्हणाला. "याची दाढ काढत होतो. विचार त्यालाच."

"हो हो," जावई सुजलेल्या गालातून म्हणाला. "हे माझ्याजवळच होते."

म्हणजे ते दोघे एकमेकांचे साक्षीदार झाले. राहिली सून. रात्रपाळी करून आलेली, आतल्या खोलीत झोपलेली, एकटी. महिन्याभरापूर्वी हीच म्हणाली होती की तो खेळ एक दिवस कचऱ्याच्या गाडीत टाकते.

सगळ्यांचे डोळे तिच्याकडे वळले, मावशीचेही. खरं सांगायचं तर सुनेवर निघालं असतं तर मावशीला ते सोयीचं पडलं असतं.

सुनेने हात पुसले. "बघता काय नुसते? सरळ विचारा ना, आई."

३

"विचारीन," मावशी म्हणाली. "आधी बघू दे."

कॅप्टनने सामन्याचं रेकॉर्डिंग टीव्हीवर लावलं. मावशी पुढे सरकून बसली, मोडलेली कमान दोऱ्याने बांधलेला चष्मा तिने डोळ्यांवर चढवला. कॅप्टनला तो चष्मा बघवेना.

पहिला डाव. समोर लोहार, हातात घण. डॉक्टरीणबाईची नळी सपकन बाहेर, लोहार अडला. पुन्हा नळी. लोहार चिडून आत घुसला आणि मनगटासकट सापडला. नाडी, सुई, घाव. मावशीने मान डोलावली. "ही आपली."

दुसरा डाव तसाच.

तिसरा सुरू झाला आणि मावशीने हात वर केला. "थांबव."

"काय झालं?"

"आता पुन्हा लाव. हळू लाव."

डॉक्टरीणबाई सरळ पुढे चालत गेली. नळी नाही, अंतर नाही. लोहाराचा घण लागला, मागे फेकली गेली, उठली, पुन्हा सरळ चालत गेली आणि सुई टोचली. लोहार बधिर. डॉक्टरीणबाई एक पाऊल मागे आली आणि समोर तोंड करून उभी राहिली. एक, दोन. लोहार जागा झाला आणि घण डोक्यात.

"बघा," कॅप्टन म्हणाली. "उभी राहिली. मुद्दाम."

"मुद्दाम हरणारा माणूस सुई कशाला मारेल?" मावशी म्हणाली. "सुई मारायची म्हणजे लोहाराच्या घणाखाली जावं लागतं. इतका मार खाऊन आत जायचं, सुई बरोबर लावायची, आणि मग हरायचं? हरायचं असतं तर कोपऱ्यात उभी राहिली असती, लोहाराने काम केलंच असतं. अकरा सुया म्हणालीस ना? अकराही लागल्या?"

"अकराही."

"मग ह्याला जिंकायचंय. जीव तोडून जिंकायचंय. फक्त ह्याला वाटतंय की सुई मारली की थांबायचं असतं."

कॅप्टनचा चष्मा घसरला आणि तिने तो वर केला नाही. ती पुढचे दोन डाव स्वतःहून बघू लागली. प्रत्येक वेळी तेच: सुई, एक पाऊल मागे, आणि तोंड समोर. घाबरून पळणं नव्हतं त्यात. जणू काही समोरच्याने आता काहीतरी सांगायचं होतं.

"हा हात पोरीचा नाही," मावशी हळूच म्हणाली. "पण हा मी पाहिलाय. कुठे, ते आठवत नाही."

टेबलाशी कुणाचा तरी ग्लास खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"आता प्रत्येकाने पाच-पाच मिनिटं खेळायचं," मावशी म्हणाली. "माझ्यासमोर. ही कॅप्टन लोहार घेईल, तुम्ही डॉक्टरीणबाई. पहिली सूनबाई."

४

"मला ह्यातलं ओ की ठो येत नाही," सून म्हणाली, पण तिने कंट्रोलर घेतला. आव्हान दिलं की मागे हटायची नाही, एवढा गुण तिच्यात होता. मावशीने तो कधी तोंडावर कबूल केला नव्हता.

कंट्रोलरवर अंगठा जिथे आपोआप पडतो तिथेच सुईचं बटण होतं. सुनेने ते पहिल्यांदाच दाबलं, लोहार बधिर झाला, आणि त्याच दमात तिने पुढचं बटण दाबलं, मग त्याच्या पुढचं. सुई दिली की वळून दुसरं काही, ते झालं की तिसरं. तिला थांबणं माहीतच नव्हतं. चुकून पट्टी सापडली तेव्हापासून तर ती दर दोन घावांनी पट्टीच बांधत राहिली आणि लोहार तिला बदडत राहिला.

"अगं मार ना त्याला," मावशी न राहवून म्हणाली.

"मारते, आई. आधी हिचं रक्त तर थांबू दे."

जावयाला हसू आलं आणि गाल दुखला.

पाच मिनिटं झाली. मावशी सुनेकडे बघत राहिली. एका वॉर्डात चाळीस खाटा आणि दोन नर्स. सुई देऊन बघत बसायला वेळ कुणाला असतो? सुई द्यायची आणि पुढच्या खाटेकडे जायचं. हा हात थांबणारा नव्हता.

"तू नाहीस," ती म्हणाली.

"माहितीय मला," सून म्हणाली. मग जरा वेळाने, "पण तुम्ही म्हणालात ते बरं झालं."

"जावईबापू, या."

जावयाने कंट्रोलर असा धरला जणू तो चावेल. सुईचं बटण त्यालाही लगेच सापडलं. पण डॉक्टरीणबाईला त्याने लोहाराच्या समोर जाऊच दिलं नाही. उडी मारून मागे जायचं, मागून सुई टोचायची, आणि टोचल्याबरोबर मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला धूम ठोकायची.

"पळता का?" कॅप्टनने विचारलं.

"लाथ," जावई म्हणाला. "सुई टोचली की लाथ येते. वीस वर्षांत तीन बरगड्या गेल्यात माझ्या."

सुई टोचतानाही तो लोहाराच्या मागे, बैलाच्या मागे राहावं तसा तिरका उभा राहायचा. रेकॉर्डिंगमधला हात सरळ समोर उभा होता, हातभर अंतरावर, निर्धास्त. सुई दिलेला समोरचा काही करणार नाही याची ज्याला खात्री आहे, असा.

मावशीने कंट्रोलर त्याच्याकडून घेतला. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "जावईबापू, काल दाढ काढायला किती वेळ लागला?"

"काढायला? मिनिटभर. हात चांगला आहे ह्यांचा."

"आणि त्याच्या आधी?"

"आधी काय, सुई दिली. मग बधिर व्हायला थांबलो. दहा-बारा मिनिटं."

"थांबलात म्हणजे? दोघं गप्पा मारत होतात?"

जावयाचा हात गालाकडे गेला. "गप्पा कुठल्या, तोंडात कापूस. डोळ्यांवर तो दिवा. मी डोळे मिटून घेतले होते."

"मग तो जवळच होता हे कशावरून?"

"पाण्याचा आवाज येत होता ना. खुर्चीच्या बाजूचं ते वाडगं असतं, चूळ टाकायचं..." जावई बोलता बोलता थांबला. गुरांचा का होईना, डॉक्टर होता. "ते पाणी आपोआप वाहतं," तो म्हणाला. "माणूस असो वा नसो."

५

मुलगा उठला. "मला चार वाजता पेशंट आहे."

"आता तीन वाजलेत. बस."

"आई, हा काय पोरकटपणा लावलायस? मी तो खेळ आयुष्यात हातात धरलेला नाही."

"मग पाच मिनिटं धर. मोडणार नाही तो."

तो बसला. कंट्रोलर घेतला. मावशी त्याच्या बोटांकडे बघत होती, टीव्हीकडे नाही. आतल्या खोलीचं दार किंचित उघडलं होतं आणि फटीत नात उभी होती. मावशीने तिच्याकडे मुद्दाम पाहिलं नाही.

तो खेळला. स्ट्रेचर सोडली, वाटेल तशी. नळी फेकली. नाडी धरायला गेला आणि मार खाल्ला. वेड्यासारखी बटणं दाबली. लोहाराने त्याला दोन मिनिटांत आडवा केला.

"झालं समाधान?" तो म्हणाला.

"अजून तीन मिनिटं आहेत."

तो पुन्हा खेळला, पुन्हा हरला. कॅप्टनने मावशीकडे निराशेने पाहिलं. एकदाही सुई नाही. सुईच नाही तर सुईनंतरचं थांबणं कुठून दिसणार?

मावशी मात्र खुर्चीत मागे टेकून बसली होती. ती इस्पितळात लागली तेव्हा हा सहा महिन्यांचा होता. त्याला पाळण्यात ठेवून ती कामाला जायची. लबाडी करताना तो खालचा ओठ आत ओढायचा, तेव्हाही आणि आत्ताही. सून निघाली असती तर किती बरं झालं असतं, असं पुन्हा एकदा तिच्या मनात आलं आणि त्याचीही तिला चीड आली.

"कॅप्टन," ती म्हणाली, "ह्या यंत्रावर सगळ्यात सोपं बटण कुठलं?"

"सुईचं. अंगठा तिथेच पडतो."

"सुनेने पहिलं तेच दाबलं. जावईबापूंनी तेच दाबलं. ह्याने पाच मिनिटांत सगळी बटणं बडवली, नाडीसुद्धा पकडायला गेला, आणि तिला किती बटणं लागतात?"

"दोन. एकदम," कॅप्टन हळूहळू म्हणाली. "नवख्याला ती सापडत नाही."

"तरी सुईला मात्र बोट लागू दिलं नाही. ज्याने खेळ आयुष्यात हातात धरला नाही, त्याला कुठलं बटण टाळायचं ते कुणी शिकवलं? तू मघाशी सुईचं सगळं सांगितलंस, ते त्याने ऐकलं. म्हणून टाळलं."

मग ती मुलाकडे वळली.

"आणि मला आता आठवलं तो हात मी कुठे पाहिलाय. खाली. तुझ्याच दवाखान्यात, माझ्याच दाताला. सुई दिलीस, एक पाऊल मागे सरलास, आणि समोर उभा राहून विचारलंस, ओठ जड झाला का? नर्स थांबत नाही. गुरांचा डॉक्टर पळतो. सुई देऊन, तोंडासमोर उभा राहून, बधिर व्हायची वाट बघतो तो दाताचाच डॉक्टर. ह्या घरात तो एक आहे. जावयाला खुर्चीत डोळे मिटलेला सोडून तू वर आलास."

मागे दार पुरतं उघडलं. नात बाहेर आली होती.

"बाबा?" ती म्हणाली.

६

त्याने कंट्रोलर बाजूला ठेवला. मग म्हणाला, "दोन महिने झाले. दुपारी ती कॉलेजात असते तेव्हा."

"आणि मला सांगत होतात, दुपारी जरा पाठ टेकतो," सून म्हणाली.

"ती खेळताना मी दारातून बघायचो. मला ते... मला आवडायचं. तोंडाने म्हणत होतो की पोरखेळ आहे, मग आता मागे कसं येणार? यंत्राशी खेळायचो. सगळ्यात सोपं लावून. त्यात समोरचा खूप वेळ बधिर राहतो, तिथे थांबून चालतं."

"आणि काल?" कॅप्टनने विचारलं.

"पाणी प्यायला वर आलो. स्क्रीनवर 'तयार?' आलेलं, आकडे उलटे चाललेले. वीस, एकोणीस. म्हटलं, सामना जाईल हिचा. ती येईपर्यंत सांभाळू. मला वाटलं..." तो थांबला. "मला वाटलं मी जिंकून दाखवीन. ती येईल आणि बघेल की बाबांनाही येतं. तीन डाव कसे गेले ते कळलंसुद्धा नाही. जिन्यात तुमच्या पावलांचा आवाज आला आणि मी खाली गेलो."

नात त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले, पण आवाज कोरडा. "बटण दाबलंत ते ठीक. पण मग एक हाक मारायची, बाबा. मी एकच मजला वर होते."

मावशीने मनात हिशेब केला. एका डावाला दीड मिनिट. गच्चीवरून उतरायला अर्धं. हाक मारली असती तर पहिला डाव गेला असता आणि उरलेले दोन पोरीने आरामात खेळले असते. मारली नाही, कारण हाक मारली तर जिंकून दाखवणं राहून जाणार.

"मी आत्ता फोन करून सांगतो टीमला," तो कॅप्टनला म्हणाला. "माझी चूक झाली, आणि मी तिची माफी मागतो. संपलं मग."

"फोनवर नाही चालणार, काका," कॅप्टन म्हणाली. "मी मघाशीच म्हटलं होतं."

"आई, उद्या सकाळी सहा पेशंट आहेत मला. तूच सांग हिला. एका खेळापायी दवाखाना बंद ठेवू?"

त्याने आईकडे पाहिलं, लहानपणी शाळेतून तक्रार आली की बघायचा तसं. ह्या नजरेला मावशी आजवर दर वेळी विरघळली होती. आज ती उठून उभी राहिली.

"हरलास, त्याबद्दल मी तुला एक शब्द बोलणार नाही," ती म्हणाली. "हात नवखा होता, हौस होती, हरलास. लपून खेळलास तेही तुझं तुझ्यापाशी. पण फोन तिच्या हातात होता, ती रडत खरं सांगत होती, आणि ते खरं आहे हे ह्या घरात एकट्या तुला माहीत होतं. एकट्या तुला. आणि तूच तिच्या हातातून फोन घेतलास. स्वतःची लाज झाकायला तू पोरीची अब्रू पांघरलीस. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला ह्या घरात पाणी दिलं नसतं. तुला देईन, कारण मला सवय लागलीय. पण उद्या सकाळी दवाखाना बंद राहील. तू ह्या दोघींबरोबर त्या हॉलमध्ये जाशील, पोरापोरींपुढे उभा राहशील, आणि खोटारडं कोण ते सांगशील. आणि दवाखान्याच्या दारावर कागद लावशील. 'काही कारणास्तव बंद' असलं गुळमुळीत नाही. का बंद आहे, मुलीबद्दल काय बोललास, कुठे गेलायस, सगळं तुझ्या हाताने लिहायचं. आणि अक्षर मोठं काढ. मला वाचता आलं पाहिजे."